शहराचा लोगो बदलला की शहर आपलं वाटायला लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहराला नवीन लोगो करायचं घाटतंय, जुनं चिन्ह किचकट आणि सरकारी वाटतं म्हणे, खुली स्पर्धा घ्यायची, ऑनलाइन मतदान घ्यायचं, विजेत्याला बक्षीस द्यायचं, आणि विचारणाऱ्यांना शंका आहे की यानं लोकांना शहर जास्त आपलं वाटेल की नुसताच पैशाचा चुराडा होईल. शहरं आणि सार्वजनिक संस्थांची असली कामं मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सावकाश वाचा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. लोगो काढून आपलेपणा येत नाही, तो वापरून वापरून येतो, आणि वापरणारे हात लोकांचे असावे लागतात, नुसत्या ऑफिसच्या छपाईनं भागत नाही. ज्या शहरांची चिन्हं लोक हौसेनं टीशर्टवर, सायकलवर, अंगावर मिरवतात त्यांचं नीट बघितलं तर चित्र बरं होतं हे एक कारण सापडतं, पण ते रोज नजरेला पडत होतं आणि कुणी वापरलं तर कुणी हटकत नव्हतं हे त्याहून मोठं कारण सापडतं. मीटिंगमध्ये मात्र सगळा वेळ निळा घ्यायचा की हिरवा यातच जातो.

मँचेस्टरचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं कारण त्यात आमच्या धंद्याला फारसं श्रेयच नाही. १८४२ मध्ये त्या शहराला मानचिन्ह मिळालं, त्यात सगळ्यात वर पृथ्वीचा गोल आणि गोलावर सात मधमाश्या, म्हणजे इथले लोक कष्टाळू आणि इथला माल जगभर जातो असा सगळा भाव, कापडगिरण्यांचा जोर होता तेव्हा. आता मानचिन्ह कोण निरखून बघतं? पण ती माशी तेवढी त्यातनं सुटी झाली आणि शहरभर पसरली, टाऊन हॉलच्या फरशीत मोझेइकमध्ये बसली, रस्त्याकडेच्या खांबांवर आली, कचऱ्याच्या डब्यांवर आली. लोक तिच्या बाजूनं रोज जायचे यायचे, कुणी फार विचार करत नव्हतं. मग २२ मे २०१७ ला तिथल्या अरीनात कॉन्सर्ट सुटताना बाँबस्फोट झाला, २२ जणांचा जीव गेला, आणि पुढच्या काही दिवसांत टॅटू काढणाऱ्यांच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या, ५० पौंड द्यायचे, माशी गोंदवून घ्यायची, पैसे पीडितांच्या मदतनिधीला. भिंतींवर माश्या, खिडक्यांत माश्या. आपण आता कुठलं चिन्ह वापरायचं हे कुणी कौन्सिलला विचारायला गेलं नाही, कारण उत्तर प्रत्येकाला माहीत होतं. कचऱ्याच्या डब्यावरनं ती माशी थेट मनगटावर गेली. असं काही जमवून आणायला तुम्ही कितीही भारी एजन्सी आणा, जमणार नाही, कारण त्यामागे दीडशे वर्षांहून जास्त काळ नुसतं नजरेसमोर असणं आहे.

पॅरिसचंही थोडं तसंच. तिथल्या चिन्हात जहाज आहे, ते मुळात सीन नदीवर मालवाहतूक करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मध्ययुगीन शिक्क्यावरचं, आणि खाली लॅटिन ओळ की लाटांनी हेलकावे खातं पण बुडत नाही. ही ओळ १८५३ मध्ये तिथला त्या वेळचा प्रशासक ओसमान यानं अधिकृत केली. शाळा, पोलीस ठाणी, सरकारी कागद अशा सगळ्यावर ती होतीच. नोव्हेंबर २०१५ च्या हल्ल्यांनंतर ती भिंतींवर रंगवली गेली, आयफेल टॉवरवर प्रकाशात झळकली, लोकांनी प्रोफाइलवर टाकली, आणि जी ओळ शाळकरी पोरांना पाठ करायचा कंटाळा यावा अशी होती ती अचानक अगदी आजची वाटायला लागली. २०१९ मध्ये त्यांनी लोगो नव्यानं केला तेव्हा जहाज ठेवलं, फक्त रेषा कमी केल्या. शहाणपणाचं काम.

म्हणून मी कुठल्याही शहराच्या कामाला हात घातला की पहिले काही दिवस कॉम्प्युटर उघडतच नाही. पायी फिरायचं आणि खाली बघायचं. मॅनहोलची झाकणं, पाण्याच्या व्हॉल्व्हची झाकणं, जुने दिव्याचे खांब, पुलांचे कठडे, शाळेच्या कमानी, बागेची गेटं. शहराला आधीच काय चिकटलेलं आहे ते तिथं दिसतं. रोममध्ये गटाराच्या झाकणांवर आजही तीच जुनी एसपीक्यूआर अक्षरं आहेत, 'रोमची सिनेट आणि जनता' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरं. अॅम्स्टरडॅममध्ये तीन तिरक्या फुल्या फुटपाथकडेच्या लोखंडी खुंटांवरही आहेत आणि झेंड्यावरही. जपानात तर जवळपास प्रत्येक नगरपालिकेचं एक साधं, एकरंगी, शिक्क्यासारखं चिन्ह असतं, आणि शिवाय मॅनहोलच्या झाकणांवर गावागावाची वेगळी चित्रं, ती इतकी लोकप्रिय झाली की २०१६ पासून त्यांची गोळा करायची कार्डं निघायला लागली, लोक कार्डासाठी त्या त्या गावी जाऊन येतात. गटाराच्या झाकणासाठी! सांगायचं काय तर तुमचं जुनं किचकट चिन्ह फेकायच्या आधी त्यातलं काय लोकांच्या ओळखीचं आहे ते तपासा, बऱ्याचदा सगळ्या गर्दीतनं एकच पक्षी किंवा एकच कमान उचलली की काम होतं.

ग्लासगोच्या मानचिन्हात १८६६ पासून पक्षी, झाड, घंटा आणि मासा आहे, चारही गोष्टी शहराचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत मंगोच्या दंतकथांमधल्या, आणि त्यावर शाळेत म्हणायचं एक यमक पण आहे की हा पक्षी कधी उडला नाही, झाड कधी वाढलं नाही, घंटा कधी वाजली नाही, मासा कधी पोहला नाही. एवढं उदास यमक कुठल्या मार्केटिंगवाल्यानं पास केलं असतं? पण तिथल्या लोकांना ते तोंडपाठ आहे, आणि जुन्या दिव्याच्या खांबांवर ती चारही चित्रं ओतलेली सापडतात. आता याच्या शेजारी १९८३ ची गोष्ट ठेवा. कारखाने बंद पडत होते, बाहेर शहराचं नाव गुंडगिरी आणि बकाल वस्त्यांसाठी घेतलं जायचं, तेव्हा लॉर्ड प्रोव्होस्ट, म्हणजे तिथले महापौर, मायकेल केली यांनी 'ग्लासगोज माइल्स बेटर' (ग्लासगो कितीतरी बरं) ही मोहीम काढली, सोबत मुलांच्या पुस्तकातला पिवळा गोलमटोल मिस्टर हॅपी. मोहीम गाजली. १९८८ ला तिथं गार्डन फेस्टिव्हल झाला, १९९० ला युरोपियन सिटी ऑफ कल्चरचा मान मिळाला. पण त्याच वेळी शहरातलेच काही लेखक-कार्यकर्ते म्हणत होते की ही सगळी रंगरंगोटी बाहेरच्यांसाठी आहे, गरीब वस्त्यांत काय बदललं ते बोला. माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पिवळ्या गोळ्यानं बाहेरच्यांचं मत बदललं, आणि खांबावरचा न उडणारा पक्षी घरच्यांचा राहिला. दोन वेगळी कामं आहेत ही, आणि एकाच लोगोकडून दोन्ही करून घ्यायला गेलं की गडबड होते.

हाच मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून इथं थोडं थांबतो. शहराचा लोगो नक्की कुणाशी बोलतोय? पर्यटकाशी, गुंतवणूकदाराशी, की पाण्याचं बिल भरायला आलेल्या माणसाशी? ब्रीफमध्ये, म्हणजे काम देताना मिळणाऱ्या कागदात, नेहमी लिहिलेलं असतं 'सर्वांसाठी', आणि तिथंच मी पेन खाली ठेवतो. न्यूयॉर्कचं हृदय घ्या, म्हणजे 'आय', मग लाल हृदय, मग 'एनवाय', 'माझं न्यूयॉर्कवर प्रेम आहे' असं सांगणारं चिन्ह. १९७० च्या दशकाच्या मध्यात शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, गुन्हे वाढलेले, आणि १९७७ च्या मोहिमेसाठी डिझायनर मिल्टन ग्लेझरनं टॅक्सीत बसल्या बसल्या लाल क्रेयॉननं पाकिटावर ते काढलं, फी घेतली नाही, ते पाकीट आता म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. गंमत म्हणजे ते शहराचं नव्हतंच, राज्याच्या वाणिज्य खात्याचं होतं, पर्यटनासाठी. पण त्यातला 'मी' कुणीही असू शकतो, पर्यटकही आणि तिथं जन्मलेलाही, म्हणून ते दोघांनाही पुरलं. ११ सप्टेंबर २००१ नंतर ग्लेझरनं त्याच हृदयावर कोपऱ्यात एक काळपट डाग दिला आणि 'पूर्वीपेक्षा जास्त' असे शब्द जोडले, आणि पर्यटनाची जाहिरात शहराच्या दुखण्याची खूण झाली. पुढे २०२३ मध्ये 'मी'च्या जागी 'आम्ही' घालून शहरासाठी नवीन आवृत्ती काढली तर लोकांनी पहिल्याच दिवशी धुतली. मला व्यक्तिशः ती एवढी वाईट वाटली नाही, अक्षरांची जुळणी जरा ओबडधोबड आहे इतकंच, पण लोकांच्या डोक्यात जे आधीच फिट बसलंय त्याच्या शेजारी जवळपास तसंच दुसरं ठेवलं की ते नक्कलच वाटणार.

अॅम्स्टरडॅमला उलटं झालं. २००४ मध्ये 'आय अॅमस्टरडॅम' हे घोषवाक्य आलं ('आय अॅम', म्हणजे 'मी आहे', आणि शहराचं नाव यांची कोटी), मग राइक्सम्युझियम या तिथल्या मोठ्या संग्रहालयासमोर दोन मीटर उंच लाल-पांढरी अक्षरं उभी राहिली, लोक त्यावर चढून फोटो काढायचे, सेल्फीच्या काळात तर तोबा गर्दी. आणि मग पर्यटकांचा लोंढा हाच शहराचा प्रॉब्लेम झाला. डिसेंबर २०१८ मध्ये ती अक्षरं तिथनं हलवली, नगर परिषदेतल्या ठरावाचं म्हणणं होतं की 'मी, मी' करणारा हा संदेश एकत्र राहणाऱ्या शहराला शोभत नाही. म्हणजे पर्यटनाच्या हिशेबानं लोगो प्रचंड यशस्वी, आणि नेमका म्हणूनच रहिवाशांना नकोसा. तीन फुल्यांना मात्र कुणी हात लावला नाही, त्या कचऱ्याच्या गाड्यांवर आरामात फिरतायत. टोरंटोत याच्या अगदी विरुद्ध घडलं, २०१५ च्या पॅन अॅम गेम्ससाठी (अमेरिका खंडांतल्या देशांच्या क्रीडास्पर्धा) सिटी हॉलपुढे तात्पुरती अक्षरं बसवली होती, ती लोकांना इतकी आवडली की काढलीच नाहीत, आणि २०२० मध्ये जास्त टिकाऊ नवीन बसवली. मोठी अक्षरं म्हटली की आता प्रत्येक शहराला हवी असतात, पण ती लोगोचं काम करत नाहीत, ती फोटोची जागा आहे, दोन्हीचं बजेट वेगवेगळं धरा.

आता हातानं करायच्या गोष्टींकडे येतो, कारण लोगो बहुतेक वेळा इथं मरतो आणि कुणाला कळतही नाही. प्रेझेंटेशनमध्ये लोगो मोठ्या स्क्रीनवर, ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात विरघळणारे रंग) लावून, काचेच्या इमारतीच्या नमुना-चित्रावर दाखवतात, सगळे माना डोलावतात. शहराचा लोगो राहतो कुठं? सफाई कर्मचाऱ्याच्या बाहीवर भरतकामात, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या फॉर्मवर, रबरी शिक्क्यात, ट्रकच्या दारावर स्टेन्सिलनं मारलेल्या रंगात, ब्राउझरच्या टॅबमध्ये १६ पिक्सेलच्या चौकोनात, आणि बिडाच्या झाकणात. भरतकामाच्या मशीनला अर्धा सेंटिमीटरपेक्षा बारीक अक्षर दिलं की दोरे एकमेकांत जातात आणि नावाचा नुसता गोळा होतो. बिडाच्या ओतकामात चिन्ह वाळूच्या साच्यात उमटतं, त्याच्या कडांना थोडा उतार द्यावा लागतो नाहीतर साच्यातनं नमुना उचलताना वाळू ढासळते, आणि दोन रेषांमधली फट कमी असली तर ती पहिल्या वर्षातच माती आणि डांबरानं भरते. वर गाड्यांची चाकं फिरून फिरून उठाव झिजणार तो वेगळाच. त्यामुळे माझी चाचणी ठरलेली आहे: चिन्ह एका रंगात, काळ्यात, नखाएवढं छापायचं, त्याची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, कागद चुरगाळून सरळ करायचा आणि हातभर लांब धरायचा. अजून ओळखू येतंय का? येत नसेल तर ग्रेडियंटबद्दल बोलूच नका. जुनी मानचिन्हं इथं दोन्ही बाजूंनी फसतात आणि जिंकतात, म्हणजे त्यात सिंह, मुकुट, ढाल, पट्टीवरची ओळ असं सगळं असल्यानं लहान आकारात चिखल होतो, पण त्यातला मुख्य आकार बहुतेकदा लोखंड आणि दगडासाठीच घडलेला असतो, म्हणून तो तेवढा बाहेर काढला की मस्त चालतो. हेलसिंकीनं २०१७ मध्ये बरोबर हेच केलं, मानचिन्हातली होडी आणि मुकुट आत ठेवण्याऐवजी फक्त ढालीची बाह्यरेषा घेतली, तिला खाली लाटेसारखं वळण दिलं, आणि आत शहराचं नाव. एका रंगात, कुठल्याही आकारात चालतं.

ऑस्लोचं २०१९ चं काम पण बघण्यासारखं आहे, पण वेगळ्या कारणासाठी. तिथं महापालिकेच्या वेगवेगळ्या खात्यांचे आणि उपक्रमांचे मिळून अडीचशेहून जास्त लोगो झाले होते. नागरिकाला कळणार कसं की हे पोहण्याचं केंद्र, ही लायब्ररी आणि हा कचऱ्याचा ट्रक सगळं एकाच करातनं चालतं? त्यांनी सगळे गोळा करून एका छत्राखाली आणले, मधोमध संत हॉलवार्ड, जो मध्ययुगापासून शहराच्या शिक्क्यावर आहे, हातात दळायचं जातं आणि बाण घेऊन, फक्त अगदी साध्या आकारांत. असल्या कामात चित्र काढणं हा सोपा भाग असतो हो. अवघड भाग म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या प्रमुखाला पटवणं की तुमचा थेंबवाला लोगो आता बंद. मी अशा मीटिंगांत बसलोय जिथं लायब्ररी, अग्निशमन आणि उद्यान विभाग तिघांनीही आपल्याच चिन्हाला अपवाद मागितला आणि तिघांचीही कारणं ऐकायला रास्त होती. अपवाद कुणाला द्यायचा हे आधी ठरवा (अग्निशमनला देतात शक्यतो, त्यांच्या बॅजशी भावना जोडलेल्या असतात आणि भांडणात तेच जिंकतात), बाकीच्यांना एकच उत्तर द्या.

पैशाबद्दल. बातमी कायम एकाच साच्यातली येते: एका अक्षरासाठी एवढे पैसे! मेलबर्नचा २००९ चा एम, त्याला २,४०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर लागले म्हणून रान उठलं. आज तो एम शहराच्या ओळखीचा भाग आहे आणि आमच्या धंद्यात चांगलं उदाहरण म्हणून दाखवला जातो, कारण त्याची बाहेरची रेषा कायम ठेवून आतलं भरण कितीही बदलता येतं. बेलफास्टनं २००८ मध्ये हृदयाच्या आकाराचा बी केला, १,८०,००० पौंड, तीच ओरड. कुणी म्हणेल मग स्वस्तात करा. व्हँकुव्हरनं २०१७ मध्ये तेही करून बघितलं, साधारण ८,००० कॅनडियन डॉलरमध्ये निळ्या-हिरव्या साध्या अक्षरांत नुसतं शहराचं नाव, आणि तिथल्या डिझायनर लोकांनी खुलं पत्र लिहिलं की हा काय प्रकार आहे, शेवटी महापौरांनी ते थांबवलं. म्हणजे महाग केलं तरी शिव्या, स्वस्त केलं तरी शिव्या. बातमीत जो आकडा येतो तो चित्राचा नसतो, त्यात अभ्यास, खात्यांशी चर्चा, फॉन्ट, नियमावली, शेकडो फायली असं सगळं असतं, पण हे समजावून सांगायचं काम शहर करत नाही, एक चित्र ट्विट करून मोकळे होतात. आणि खरा खर्च तर त्यानंतर सुरू होतो, गाड्या, पाट्या, गणवेश. माझा सल्ला कायम हाच असतो की नवीन लोगोसाठी म्हणून एकही पाटी पाडू नका, जी वस्तू झिजेल किंवा नाहीतरी बदलायचीच असेल तिच्यावर नवीन चिन्ह येऊ द्या, आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर सांगा. विरोधातला निम्मा जोर तिथंच जातो.

आता तुमच्या स्पर्धेचं. स्पष्टच लिहितो, खुली स्पर्धा आणि वर मतदान हा मला सगळ्यात कमी पसंत असलेला मार्ग आहे. शेकडो माणसं फुकट राबतात, एकाला बक्षीस, आणि कुणालाच शहराचं बारकाईनं काही माहीत नसतं कारण कुणी त्यांना खात्यांत नेऊन बसवलेलं नसतं. मग येतात त्याच त्या गोष्टी, उगवता सूर्य, नदीची लाट, हातात हात घेतलेली माणसं, आणि सगळ्याच्या मागे शहरातली सगळ्यात उंच इमारत. मतदानात सगळ्यात जास्त वस्तू असलेलं चित्र जिंकतं कारण प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी सापडतं. चोरीचा प्रश्न वेगळाच. २०२० च्या टोकियो ऑलिम्पिकचं पहिलं बोधचिन्ह बेल्जियममधल्या लिएज शहराच्या थिएटरच्या लोगोसारखं दिसतं म्हणून आरोप झाले आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ते मागे घ्यावं लागलं, आणि ते तर कसलेल्या व्यावसायिकाचं काम होतं, मग तुमच्याकडे ईमेलनं आलेल्या ढीगभर फायलींची शहानिशा कोण करणार? (नंतर त्यांनी सर्वांना खुली स्पर्धाच घेतली आणि चांगलं चिन्ह मिळालं हेही खरं, पण तपासणीला त्यांच्याकडे तेवढी यंत्रणा होती.)

लोकांना सामील करून घ्यायचंय ना, मग ते आधी करा, शेवटी नको. काय काढायचं ते त्यांना विचारू नका, शहरात त्यांना काय दिसतं ते विचारा. पोर्तुगालमधल्या पोर्तोनं २०१४ मध्ये हेच केलं आणि माझ्या मते अलीकडच्या काळातलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. एदुआर्दो आयरेस यांच्या व्हाइट स्टुडिओनं ते केलं. लोकांना विचारलं की तुमचं पोर्तो म्हणजे काय, तर कुणी पूल म्हणालं, कुणी क्लेरिगोस मनोरा, कुणी नदी, कुणी वाईन, कुणी जुनी ट्राम. एकच निवडायचं तर बाकीचे नाराज. म्हणून त्यांनी एक निवडलंच नाही, सत्तरच्या आसपास छोटी रेषाचित्रं काढली, सगळी निळी, तिथल्या घरांच्या दर्शनी भिंतींवर ज्या निळ्या टाइल्स असतात तशा चौकोनांत बसणारी आणि एकमेकांना जोडली जाणारी, आणि सोबत फक्त शहराचं नाव आणि एक टिंब. नवीन चित्रं नंतर वाढवता आली. इटलीतल्या बोलोन्यानं त्याच वर्षी जरा वेगळा खेळ केला, प्रत्येक अक्षराला एक भौमितिक आकार दिला, म्हणजे तुम्ही वेबसाइटवर कुठलाही शब्द टाइप केला की त्याचं स्वतःचं रंगीत चिन्ह तयार. हुशार आहे, पण मला पोर्तोचं जास्त भावतं, कारण बोलोन्याच्या आकारात शहर शोधावं लागतं आणि पोर्तोच्या टाइलमध्ये ते समोरच दिसतं. सावधगिरीची सूचना म्हणून सांगतो, हे बघून प्रत्येक शहराला आता पन्नास-साठ आयकॉन हवे असतात, पण पोर्तोत ते चाललं कारण टाइल तिथं आधीपासून होती. तुमच्याकडे तसं काही नसेल तर ते क्लिपआर्टचं पान होईल.

आणि मालकी. यावर कुणी बोलतच नाही. शिकागोचा झेंडा १९१७ चा, पांढऱ्यावर दोन फिके निळे पट्टे आणि मध्ये लाल सहा टोकांचे तारे, आधी दोन होते, १९३३ मध्ये तिसरा आणि १९३९ मध्ये चौथा आला. तो तुम्हाला तिथं टॅटूंवर, टोप्यांवर, दुकानांच्या पाट्यांवर, घराघरांवर दिसतो, कारण कुणीही तो घेतो आणि मोडतोड करून आपला करतो, तारे काढून त्या जागी दुसरंच काही टाकतो. शिवाय त्या शहराचं आणखी एक चिन्ह आहे, वायच्या आकाराचं, नदीचे फाटे दाखवणारं, १८९२ च्या वर्तमानपत्रातल्या स्पर्धेतनं आलेलं (बघा, स्पर्धेतनं! एखादी चांगली निघते), ते शिकागो थिएटरच्या दर्शनी बोर्डात, पुलांवर, इमारतींवर लपलेलं असतं आणि ते शोधत फिरणं हा तिथल्या लोकांचा छंद आहे. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या आयडाहो राज्यातलं पोकाटेलो. त्यांच्या जुन्या झेंड्यावर पांढऱ्या कापडावर एक जाहिरातछाप लोगो आणि खाली चक्क ट्रेडमार्कची सूचना. झेंड्यांचा अभ्यास करणाऱ्या उत्तर अमेरिकन संस्थेच्या २००४ च्या पाहणीत १५० शहरांत तो शेवटचा आला, पुढे त्याची इतकी चेष्टा झाली की शहरानं २०१७ मध्ये नवीन झेंडा स्वीकारला. ट्रेडमार्कची सूचना लावलेला झेंडा कोण घरावर लावणार?

अमेरिकेतल्याच मिलवॉकीत तर २०१६ मध्ये लोकांनीच पुढाकार घेऊन तलावावरच्या सूर्योदयाचा झेंडा निवडला, शहराच्या परिषदेची मंजुरी अडकून पडली तरी तो बिअरच्या कॅनपासून घरांच्या पोर्चपर्यंत सगळीकडे लागला. जपानच्या कुमामोटो प्रांताचं काळं अस्वल कुमामोन, २०१० चं, ते शहराचं नाही आणि लोगोही नाही, पण धडा तोच: स्थानिक उत्पादकानं अर्ज करायचा, नियम पाळायचे, पैसे नाहीत. त्यामुळे ते अस्वल बिस्किटांपासून बसपर्यंत पोचलं आणि प्रांताची जाहिरात उत्पादकांनीच केली म्हणा ना. तुमच्या ठरावात दोन आवृत्त्या ठेवा. एक अधिकृत शिक्का, जो फक्त कार्यालय वापरेल, दाखल्यांवर, नोटिसांवर, त्याचं रक्षण कडक, कारण त्यावरनं खोटे कागद बनू शकतात. आणि दुसरं मोकळं चिन्ह, जे शाळा, मंडळं, दुकानं, खेळाडू, कुणीही वापरेल, फायली वेबसाइटवर उघड्या, अट एवढीच की कार्यालयाची परवानगी आहे असं भासवायचं नाही. ही एक ओळ ठरावात घातली तर कुठल्याही ग्रेडियंटपेक्षा जास्त काम करते.

अर्थाचं फार मनावर घेऊ नका. टोकियोचं १९८९ चं हिरवं चिन्ह घ्या, सरकार म्हणतं ते टी अक्षर आहे, तीन सारख्या कमानींनी बनलेलं, आणि लोक म्हणतात ते गिंको झाडाचं पान आहे. गिंको टोकियोचं अधिकृत झाडही आहे. मग पान तर पान. आपल्या नियमावलीत 'ही लाट प्रगती दर्शवते, हा बिंदू एकता' असले परिच्छेद आम्हीच लिहितो, मीटिंग पार पडावी म्हणून, बाहेर ते कुणी वाचत नाही.

तर तुमच्या शहराचं म्हणाल तर माझ्याकडून क्रम असा. स्पर्धा थांबवा, बक्षिसाच्या पैशात दोन-तीन चांगल्या डिझायनरना मोबदला देऊन बोलवा आणि त्यांना जुन्या झाकणांचे, खांबांचे, कागदांचे फोटो गोळा करायला लावा. खात्यांच्या सगळ्या लोगोंचे प्रिंट काढून एका भिंतीवर लावा आणि आयुक्तांना त्या भिंतीसमोर उभं करा, पुढचं बोलणं सोपं जातं. सत्ताधारी पक्षाच्या रंगाच्या जवळपासही जाऊ नका, कारण निवडणूक झाली की पहिला तोच बदलेल. जुनं चिन्ह शिक्क्यासाठी राहू द्या. अनावरणाचा सोहळा टाळता आला तर टाळा, झेंडा, बिल आणि कचऱ्याचा ट्रक या तीन ठिकाणी एकाच आठवड्यात नवीन चिन्ह येऊ द्या, लोक आपोआप बोलायला लागतील. पहिले काही महिने शिव्या पडणारच आहेत, त्या वाचा पण त्यावर बैठक लावू नका.

आणि फॉन्टचं लायसन्स टेंडरमध्ये लिहून घ्या, किती कॉम्प्युटर, वेबसाइट, अॅप, पाट्या सगळं धरून, आणि शहराची सगळी माणसं ज्या भाषा वाचतात त्या सगळ्या लिप्यांत तो नीट दिसतो का ते सही करायच्या आधी तपासा. हेलसिंकी आणि ऑस्लोनं स्वतःचा फॉन्टच करून घेतला, तुम्हाला ते परवडेलच असं नाही, पण उद्या पाणी खात्यातला क्लार्क नोटीस टाइप करायला बसेल तेव्हा तो फॉन्ट त्याच्या मशीनवर असला पाहिजे, नाहीतर तो हाताला लागेल तो वापरेल आणि वर कोपऱ्यात जुन्या ईमेलमधनं कॉपी केलेला धुरकट लोगो चिकटवेल.